दिवा गेला, दुखणं गेलं!

मोटारीच्या डॅशबोर्डावर लागणारा तांबडा दिवा हाच मोटारीचा आजार असतो, अशी आमच्या जामनेर तालुक्याची ठाम समजूत आहे. इंजिन, बॅटरी, ब्रेक, ऑइल ही सगळी निरोगी मंडळी. दोष काय तो त्या दिव्याचा. त्यामुळे उपचारही सोपा. दिवा काढायचा. काढता येत नसेल तर त्याच्यावर काळी टेप चिकटवायची. टेपही सापडली नाही तर एखाद्या देवाचा स्टिकर नेमका त्या जागी लावायचा. म्हणजे दिवाही झाकतो आणि पुढची जबाबदारीही योग्य हातांत जाते. ताप आला म्हणून थर्मामीटर फोडणारा डॉक्टर अजून आमच्याकडे निघालेला नाही, पण मोटारींच्या बाबतीत अशा धन्वंतरींची ओळच्या ओळ रस्त्याच्या कडेला बसलेली आहे.

ह्या लेखात मला त्यांच्याशी भांडायचं आहे. भांडण समोरासमोर करावं हे मलाही मान्य आहे. पण समोर गेलं की ते टायरवर बसायला जागा करतात, चहा मागवतात, 'काय भाऊ, गर्मी काय म्हनते?' असं विचारतात, आणि खानदेशात चहा पिऊन झाल्यावर माणसाला भांडता येत नाही. म्हणून हा कागदावरचा मार्ग.

माझी गाडी जुनी आहे. २०१३ सालची, आणि तिच्या आर. सी. बुकात माझं नाव चौथं आहे. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण आज तिच्यात जे काही आहे त्यातलं कंपनीचं थोडंच उरलंय. हॉर्न जीपचा आहे, डावा आरसा रिक्षाच्या घराण्यातला वाटतो, आणि सीट कव्हरं कोणाच्या तरी लग्नात उरलेल्या कापडाची असावीत. तरीही मला ती आवडली. गाडी पाहायला गेलो तेव्हा विकणाऱ्या गृहस्थांनी किल्ली फिरवली आणि मुलाची प्रगतिपुस्तिका दाखवावी तसा हात डॅशबोर्डाकडे केला.

"पाहा भाऊ, नको ते दिवे लागत नही! टकाटक!"

मी म्हटलं, "किल्ली परत बंद करा. आता पुन्हा फिरवा, पण स्टार्ट करू नका."

त्यांना हे चमत्कारिक वाटलं असणार. गाडी बघायला आलेला माणूस टायरला लाथ मारतो, दार आपटून बघतो, सीटवर बसून दोनदा उड्या मारतो. ही आमच्याकडची रीत. मी मात्र दिवे मोजत होतो. कारण साधं आहे. किल्ली 'ऑन'वर नेली, इंजिन सुरू केलं नाही, की डॅशबोर्डावरच्या इशाऱ्याच्या दिव्यांनी एकदा लागून दाखवायचं असतं. ही शाळेतली हजेरी. ऑइल? हजर. बॅटरी? हजर. ब्रेक? हजर. एअरबॅग? हजर. नाव पुकारल्यावर उभं राहायचं आणि काही तक्रार नसेल तर खाली बसायचं. काही काही सेकंदांत बसतात, काही इंजिन सुरू झाल्यावर. जो मुलगा हजेरीला 'हजर' म्हणतच नाही तो फार शांत मुलगा आहे, असं कुठलाही मास्तर समजत नाही. तो पळालेला असतो.

ह्या वर्गातून दोघे पळालेले होते. एक इंजिनाचा, दुसरा एअरबॅगचा. मी ते त्यांच्या लक्षात आणून दिलं. ते म्हणाले, "मग चांगलंच आहे ना भो, कटकट नही." मी किमतीतून दोन टायरांचे पैसे कमी करायला लावले. कटकट नसण्याचे पैसे त्यांना इतके मोजावे लागतील असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

आता हे दिवे म्हणजे काय प्रकरण आहे ते थोडं पाहू. ह्या चित्रांची एक आंतरराष्ट्रीय लिपी ठरलेली आहे. जर्मनीत जे चित्र तेच जामनेरात. पण लिपी एक असली म्हणून वाचन एक होत नाही. ऑइलच्या चित्राला आमच्याकडे 'चहाची किटली' म्हणतात. इंजिनाचं चित्र पाहून शेतकरी माणूस 'विहिरीवरची मोटर' म्हणतो, आणि तसं पाहिलं तर त्या चित्रकारापेक्षा शेतकऱ्याचंच बरोबर आहे. एअरबॅगचा माणूस पोटाशी कलिंगड धरून बसलेला दिसतो. टायरच्या हवेचं चित्र म्हणजे कढईत तळायला टाकलेलं उद्गारचिन्ह. रंगांचा हिशेब मात्र सोपा आहे : तांबडा म्हणजे आत्ता थांबा, पिवळा म्हणजे लवकर बघून घ्या, हिरवा-निळा म्हणजे अमुक एक वस्तू चालू आहे एवढंच. सिग्नलचे हेच रंग आपण चौकात पाळत नाही, ते डॅशबोर्डावर कुठून पाळणार, असा एक मुद्दा निघेल. तो मी इथेच सोडून देतो.

गाडी घरी आणल्यावर पहिलं काम म्हणजे मीटर खोलवलं. आमच्या वायरिंगवाल्या मिस्त्रीने स्क्रू काढले, मीटर पुढे ओढलं, आणि आत पाहून आदराने "आरेच्चा!" असं म्हणाला. एका कलावंताने दुसऱ्या कलावंताला दिलेली ती दाद होती. एअरबॅगच्या जागी मागून काळ्या टेपचा सुबक चौकोन कापून लावला होता. इंजिनाच्या दिव्यावर नखाला लावायचं पॉलिश, दोन हात. आणि खाली, पायांच्या वर, वायरींचा तो संसार! तांबडी वायर निळीला बांधलेली, निळी पुढे जाऊन पांढरी झालेली, पांढरी कुठे जाते ते कोणालाच ठाऊक नाही. एकीच्या टोकाला काहीच नव्हतं आणि तिच्यात करंट होता. पूर्वी कधीतरी बसवलेल्या आणि कधीतरी काढलेल्या टेपरेकॉर्डरच्या, फॉगलॅम्पच्या, रिव्हर्सला भजन म्हणणाऱ्या भोंग्याच्या त्या विधवा वायरी. प्रत्येक सांधा नुसता पिळलेला आणि वरून टेप गुंडाळलेली. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. बॉनेटखाली किती होत असेल ते इंजिनालाच ठाऊक. त्या उष्णतेत ह्या टेपचा डिंक पाझरतो, टेप सुटते, आणि उघडी तांब्याची वायर पत्र्याकडे प्रेमाने पाहू लागते.

"कोनी केलं हे?" मिस्त्री म्हणाला.

"तुझ्याच बिरादरीतल्या कोणीतरी."

"पन काम चाललं ना इतके वर्षं!"

हाच तो आमचा राष्ट्रीय युक्तिवाद. 'चालतंय ना?' ह्या दोन शब्दांपुढे मोठमोठे तर्कशास्त्री हरले आहेत. चालतंय खरं, पण का चालतंय आणि किती वेळ चालणार आहे, हे सांगायला जी एकमेव वस्तू गाडीत होती तिला तुम्ही नेलपॉलिश लावून ठेवलंत, त्याचं काय?

आमचे एक मामा भुसावळला रेल्वेत, सिग्नल खात्यात होते. त्यांना मोटारीतलं काही कळत नाही आणि कळून घ्यायची इच्छाही नाही. रेल्वे सोडून बाकीची सगळी वाहनं ही त्यांच्या दृष्टीने पोरखेळ आहेत. (आमची पाचोरा-जामनेर नॅरोगेज, म्हणजे पी. जे., २०२० पर्यंत धावत होती. तिच्या वेगावर विनोद करायचा हक्क फक्त जामनेरकरांना. परक्याने केला तर आम्ही पाच मिनिटांत तिचा सगळा इतिहास त्याच्या गळ्यात बांधतो.) तर मामांनी मला एकदा जुन्या सिग्नलच्या हाताचं मर्म सांगितलं. केबिनमधून तार ओढली की हात खाली झुकतो. गाडीला वाट मोकळी. आता समजा तारच तुटली. मग काय होतं? तर खांबावरच्या वजनाने हात आपोआप आडवा होतो. आडवा म्हणजे थांबा. म्हणजे बिघाड झाला तर यंत्र स्वतःच्या विरुद्ध साक्ष देतं. गाडी उगाच दहा मिनिटं खोळंबेल, ड्रायव्हर शिव्या देईल, पण कोणी मरणार नाही.

मोटारीतला ऑइलचा दिवा ह्याच्या बरोबर उलट्या स्वभावाचा. इंजिनाला एक बटण बसवलेलं असतं. ऑइलचा दाब नसला की ते बटण वायर पत्र्याला टेकवतं आणि दिवा लागतो. दाब आला की सोडतं, दिवा विझतो. आता ती वायर तुटली, सैल झाली, उंदराने खाल्ली, तर दिवा लागणारच नाही. ऑइलचा एक थेंब नसला तरी नाही! इंजिन आतल्या आत खरवडून निघत असेल आणि समोर डॅशबोर्ड मात्र हसतमुख. सिग्नलची तार तुटली तर तो 'धोका' म्हणतो. दिव्याची वायर तुटली तर तो 'सब ठीक' म्हणतो. तेव्हा ज्या गाडीची वायरिंग सैल आहे तिच्या डॅशबोर्डावरचा अंधार हा चांगल्या तब्येतीचा दाखला नव्हे. साक्षीदार गप्प आहे म्हणून आरोपी निर्दोष, असं कुठलं कोर्ट मानतं?

आणि बॅटरीच्या दिव्याची तर वेगळीच मजा. ही मला स्वतःला फार आवडते, म्हणून जरा ऐसपैस सांगतो. दोन शेतांतले दोन पाट एकमेकांकडे तोंड करून आहेत आणि मधे एक लहानसं चक्र बसवलंय, अशी कल्पना करा. एका पाटात बॅटरीचं पाणी, दुसऱ्यात अल्टरनेटरचं. इंजिन फिरतंय, अल्टरनेटर वीज करतोय, दोन्हीकडे पातळी सारखी. मधलं चक्र थांबलेलं. म्हणजे दिवा बंद. अल्टरनेटर कोरडा पडला की बॅटरीचं पाणी तिकडे धावतं, चक्र फिरतं, दिवा लागतो. काही वेळा दिवा धड लागतही नाही आणि विझतही नाही, उदबत्तीसारखा मंद दिसत राहतो. आमचे तज्ज्ञ म्हणतात, "तो तसाच असतो." तो तसाच नसतो! पातळीत थोडा फरक पडलाय, कुठे तरी थिंबल सैल आहे, कार्बन धरलाय, किंवा अल्टरनेटरमधला एखादा डायोड गेलाय, हे तो कानात सांगतोय.

ह्यातली खरी गंमत पुढेच आहे. पुष्कळ जुन्या गाड्यांत ह्याच दिव्यातून जाणारा एवढासा करंट अल्टरनेटरला सुरुवातीला जागं करतो. चुलीला काडी लावावी तसा. आता आमच्या धन्वंतरीने दिवा कटकट करतो म्हणून बल्बच काढून टाकला. काडीच गेली, चूल पेटणार कशी? अल्टरनेटर झोपून राहिला, संध्याकाळपर्यंत बॅटरी बसली, आणि दुसऱ्या दिवशी त्याच धन्वंतरीने नवी बॅटरी विकली. दिवा काढल्याने आजार गेला नाहीच, एखाद्या गाडीला तर तो काढल्यानेच झाला!

आता अर्थाकडे वळू. मोटारीत अर्थाला फार महत्त्व आहे. बॅटरीचं एक टोक सरळ गाडीच्या पत्र्याला बांधलेलं असतं. करंट वायरीने जातो आणि पत्र्यातून परत येतो. ह्या परतीच्या वाटेला मिस्त्री लोक 'अर्थ' म्हणतात. अर्थाचा नट गंजला की गाडीत नुसता अनर्थ. ब्रेक दाबावा तर इंडिकेटर मिणमिणतो, इंडिकेटर द्यावा तर नंबर प्लेटचा दिवा उड्या मारतो, हॉर्न वाजवला की पेट्रोलचा काटा सलाम करतो. करंट बिचारा घरी परत जायला वाट शोधत असतो; आपली गल्ली बंद दिसली की शेजाऱ्याच्या घरातून जातो, एवढंच. हे दृश्य पाहून लोक म्हणतात, "गाडीत भूत आहे." एका गाडीला ह्यासाठी लिंबू-मिरची बांधलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. नट काढून, कानशीने पत्रा चकचकीत करून, पुन्हा आवळायला दहा मिनिटं लागतात. लिंबाला त्याहून कमी लागतात हे कबूल.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता येतं. पण माझा जो राग आहे तो एका रात्रीपासूनचा आहे.

आमच्या शेजारच्या घरातल्या धाकट्या सुनेला रात्री दीडच्या सुमाराला कळा सुरू झाल्या. इथल्या डॉक्टरांनी तपासून जळगावला हलवायला सांगितलं. माझी गाडी मुलगा पुण्याला घेऊन गेला होता. गल्लीत त्या वेळी उभी होती ती एकाची जीप. तिचे पुढचे दिवे पंधरा दिवस लागत-विझत होते. मालकाने ते दाखवलेही होते. उपचार काय झाला? तर 'डॅशबोर्डावर हात मारला की लागता.' निघालो. मागे ती मुलगी, तिची सासू, एक गोधडी. पुढे मालक आणि मी. नेरी सोडली आणि दिवे गेले. मिणमिणले नाहीत, गेले. मालकाने हात मारला. पुन्हा मारला. मग मुठीने मारला. अमावास्येच्या जवळची रात्र, दोन्ही बाजूंना उभी शेतं, आणि मागून त्या मुलीचा आवाज.

मी खिडकीतून हात बाहेर काढून मोबाईलची बॅटरी धरली. तिने जीपचं नाक दिसलं, रस्ता दिसला नाही. तेवढ्यात मागून केळीचा ट्रक आला. आम्ही हात केले, तो थांबला नाही, पण आमचं काय चाललंय ते त्याला कळलं असावं. त्याने वेग कमी केला आणि पुढे झाला. त्याचा मागचा एकच दिवा चालू होता. त्या एका तांबड्या ठिपक्याच्या मागे मागे आम्ही जळगाव गाठलं. बाळ-बाळंतीण सुखरूप. मुलगी आता शाळेत जाते.

त्या जीपला काय झालं होतं? कंपनीच्या ६० वॅटच्या बल्बांऐवजी १०० वॅटचे घातले होते, 'उजेड चांगला पडतो' म्हणून. मधे रिले नाही. सगळा करंट त्याच जुन्या वायरीतून आणि त्याच जुन्या बटणातून. आता वायर तीच आणि करंट वाढला तर वायरीतली उष्णता तेवढ्याच पटीने वाढत नाही, वर्गाने वाढते. ६०चे १०० केले म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट. त्यात कपलर सैल. सैल जोड म्हणजे अरुंद वाट, अरुंद वाटेत गर्दी, गर्दीत धग. तो कपलर वितळून निम्मा झाला होता. आणि फ्यूज? फ्यूजने खरं तर आधीच आपला जीव देऊन सगळ्यांना वाचवायचं असतं. ती त्याची नोकरीच आहे. पण त्या नोकरीवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी बसवलेली होती. चांदी कोणासाठी जीव देत नाही. मग गाडीतली वायरच फ्यूज होते, आणि ती कुठे जळेल ते ती विचारून ठरवत नाही.

दुसऱ्या दिवशी मालक भेटला. मी विचारलं, "दाखवली का जीप?"

"दाखवली ना. टेप मारून घेतली."

आता समोरच्या बाजूचंही थोडं ऐकून घेतलं पाहिजे, नाहीतर म्हणतील हा एकतर्फी बोलतो. जुने मिस्त्री मोठे गुणी होते, ह्यात शंका नाही. ॲम्बॅसिडर आणि पद्मिनीच्या काळात गाडीत वायरी त्या किती? डोळे मिटून मोजाव्यात इतक्या. एखादा म्हातारा मिस्त्री नुसता वास घेऊन 'डायनॅमो' म्हणायचा आणि तो डायनॅमोच असायचा. आगपेटीची काडी, केसातला आकडा आणि सायकलची ट्यूब एवढ्या सामग्रीवर त्याने वऱ्हाडं मांडवापर्यंत पोचवली आहेत. पण त्याची काडी ही 'घरापर्यंत पोचा' म्हणून असायची. घरी पोचल्यावर तो ती काडी काढायला लावायचा, आणि नाही काढली तर मालकाला शिव्या द्यायचा. त्याच्या नातवांनी काडी ठेवली, शिव्या टाकून दिल्या. आजच्या गाडीतल्या वायरी सरळ केल्या तर गावाबाहेर जातील. त्यात काडी खुपसून चालत नाही.

आणि गाड्या बनवणाऱ्यांनाही मी सोडणार नाही. कुठल्याही कारणाने लागणारा एकच पिवळा दिवा ठेवायचा, आणि पुस्तकात छापायचं, 'अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधा.' बायको 'काही नाही' म्हणते तसं हे उत्तर आहे. नेमकं काय झालंय ते गाडीच्या संगणकाला ठाऊक असतं. तो ते आकड्यांत लिहूनही ठेवतो. फक्त मालकाला सांगत नाही. ते वाचायला केंद्रात जावं, तर नुसतं वाचण्याचं बिल येतं. मग माणूस शंभर पावलांवरच्या नेलपॉलिशवाल्याकडे गेला तर त्याला काय म्हणणार?

पण आता ते वाचायचं यंत्रही स्वस्त झालंय. मुठीएवढा डबा, स्टिअरिंगखालच्या खाचेत बसवला की फोनवर सगळी कुंडली. आणि इथेच आमच्या मंडळींची बुद्धी पुन्हा पाहा! दुखणं वाचायला काढलेल्या यंत्राचा उपयोग ते दुखणं पुसायला करतात. गाडी विकायच्या आदल्या रात्री नोंदी पुसल्या की दिवा विझतो. नेलपॉलिशही नको. गिऱ्हाईक सकाळी येतं, दिवे हजेरी देऊन खाली बसतात, टकाटक. दोन-चार दिवस गाडी फिरली की संगणक पुन्हा तपासण्या करतो आणि पिवळा दिवा उगवतो. तोवर पैसे मोजून झालेले असतात. ह्यावर तोडगा आहे. नोंदी पुसल्या की संगणकाच्या स्वतःच्या तपासण्यांपुढे 'अजून पूर्ण नाही' असं दिसू लागतं. तोच डबा ते दाखवतो. कोरी पाटी दिसली की मास्तरने विचारावं, पाटी आत्ताच का पुसलीस?

ही खोड जामनेरची एकट्याची आहे असं मात्र समजू नका. शहरातले शहाणेही ह्यात कमी नाहीत. सीटबेल्ट लावला नाही की गाडी पीं पीं करते. त्यावर उपाय म्हणून बेल्ट लावण्याऐवजी बेल्टच्या खाचेत खुपसायची नुसती पट्टी बाजारात आली! माणूस मोकळा, गाडी गप्प. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. ते मागच्या सीटवर होते आणि बेल्ट लावलेला नव्हता. त्यानंतर देशभर ह्या विषयाची चर्चा झाली. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या ऑनलाइन दुकानांना ह्या पट्ट्या विकायला मनाई केली, तेव्हा काढून टाकलेल्या जाहिराती १३,००० च्या वर निघाल्या. तेरा हजार! एवढी कल्पकता बेल्ट लावण्यात खर्च झाली असती तर? आणि माझ्या गाडीतल्या एअरबॅगवरचा तो सुबक टेपचा चौकोन काय वेगळा होता? एअरबॅगचा दिवा लागलेला असेल तर आपटल्यावर ती फुगेल ह्याचा भरवसा नाही. दिवा झाकल्यावर तोही कळत नाही. पुढच्या मालकाच्या बायकोला, डाव्या सीटवर बसलेल्या बाईला, ते कोण सांगणार होतं?

माझ्या गाडीत त्या चौकोनामागे काय निघालं ते सांगतो. सीटखालचा एक पिवळा कपलर नीट खटका न लागता अर्धवट अडकलेला होता. सीट मागेपुढे केली की हलायचा. एवढंच! त्यासाठी कोणी तरी मीटर खोलून, टेप मापात कापून, मागून चिकटवून, पुन्हा मीटर बसवलं. म्हणजे तासाभराचं काम. कपलर दाबायला अर्धा मिनिट लागला. मिस्त्रीने आधी बॅटरीची वायर काढून दहा मिनिटं वाट पाहिली, तेवढा वेळ धरला तरी. (हे मुद्दाम सांगतो : पिवळ्या वायरींना बॅटरी न काढता हात लावू नये. एअरबॅग फुगते तेव्हा ती बारुदानेच फुगते. ती फुग्यासारखी दिसते म्हणून फुगा समजू नये.)

बाकी वायरिंगसाठी मी एक साधा मल्टीमीटर आणला. त्याची किंमत आमच्याकडे दोघांनी पोटभर शेवभाजी खाण्याइतकी. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना चौदाच्या आसपास दिसलं की निम्मी चिंता मिटते. मग मिस्त्रीने वायर वायर हलवून पाहिली, विधवा वायरी मुळापासून काढल्या, पिळलेले सांधे कापून झाळले, वर उष्णतेने आवळणारी नळी घातली. दोन दिवस गेले. तो सारखा म्हणायचा, "भाऊ, इतकं कोनी करत नही." मी म्हणायचो, "म्हणून तर तुला बोलावलं." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो गाडीजवळ उभा राहून स्वतःच किल्ली फिरवून बघत होता. सगळे दिवे लागत होते, आणि मग एकेक विझत होते. चारदा बघितलं त्याने. पाचव्यांदा मी किल्ली काढून घेतली. बॅटरी माझी होती.

परवा मुलगा म्हणाला, मोठी गाडी घेऊ, ही विकून टाका. मी जाहिरात दिली. बोदवडकडचे एक गृहस्थ आले. टायरला लाथ मारली, दार आपटलं, सीटवर बसून दोन उड्या मारल्या. मी किल्ली 'ऑन'वर नेली आणि मोठ्या अभिमानाने हात डॅशबोर्डाकडे केला. ऑइल, बॅटरी, ब्रेक, इंजिन, एअरबॅग, सगळी चित्रं एकदम उजळली. गृहस्थांचा चेहरा पडला.

"तुमच्या गाडीत लई दिवे लागता भो," ते म्हणाले.

मी हजेरीचं सांगायला लागलो, सिग्नलच्या हाताचं सांगितलं, पाटांचंही सांगितलं. त्यांनी चहा घेतला, सगळं शांतपणे ऐकलं, आणि 'घरी विचारून सांगतो' म्हणून गेले. चार दिवसांनी कळलं, त्यांनी भुसावळला दुसरी गाडी घेतली. माझ्यापेक्षा वीस हजार जास्त मोजून. तिच्यात म्हणे एकसुद्धा दिवा लागत नाही.